पायरी कुणी सांगायची

७ जुलै

ती. आत्यास,

सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांचं तेल घेऊन ठेवलं आहे, तुझ्याकडे येणारं कुणी भेटलं की पाठवतो. बाटलीचं झाकण सैल वाटलं म्हणून मी त्यावर मेण लावलं आहे. उघडताना सुरी लागेल, बोट सांभाळ.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी तुझे दोघे भाऊ आपापलंच सांगतात, म्हणून मी दोघांचं म्हणणं न मिसळता लिहावं असं तू म्हणालीस. तसंच लिहितो.

मोठी काच नेताना पुढचा माणूस रस्ता बघतो आणि मागच्याला सांगतो. पायरी आली की पायरी म्हणायचं, मग मागच्याने पाय उचलायचा. दुकान सुरू झालं तेव्हापासून बाबा पुढे आणि काका मागे. वाचनालयाची काच चढवताना काका अडखळले, काच सुटली, आणि त्यांच्या मनगटाची शीर कापली गेली. दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. काका म्हणतात की बाबा त्या दिवशी पायरी म्हणालेच नाहीत. बाबा म्हणतात की ते म्हणाले होते, काकांचं लक्ष नव्हतं, आणि काच सोडली ती काकांनीच. हे ते वाचनालयाच्या साहेबांसमोर म्हणाले. मी तेव्हा खाली टेम्पोत ब्लँकेटं नीट करत होतो. मी काहीच ऐकलं नाही. दोघंही मला साक्षीला ओढतात आणि मला खरंच काही माहीत नाही.

तेव्हापासून अबोला आहे, पण काच तर दोघांनीच उचलावी लागते. म्हणून आता मी काचेच्या बाजूने चालतो आणि पायरी मी सांगतो. बाबा मला म्हणतात, काकांना सांग, डावीकडे घे. काका हातभर अंतरावर असतात. मी सांगतो. मग काका म्हणतात, बाबांना सांग, डावीकडे खांब आहे. लोक हसतात. मला हसू येत नाही.

काल चर्चमध्ये महिन्याचं प्रभुभोजन होतं. सगळे बाकांवरून उठून भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे मेजाजवळ गेले. बाबा एका बाकावर आणि काका त्यामागच्या बाकावर बसून राहिले, मागच्या महिन्यासारखेच. मनात भावाविषयी अढी असताना त्या मेजाजवळ जायचं नाही, हे दोघंही पाळतात. पाळक गाण्याच्या पुस्तकात बघत राहिले. आई रडली.

आता खरी काळजी. काकांना खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात बोलावलं आहे. सप्टेंबरअखेर होय की नाही ते कळवायचं आहे. ते गेले तर दुकान नुसतं चष्म्याएवढ्या काचांचं राहील. आणि आत्या, आज निदान काच उचलायला तरी ते एकत्र येतात. तेही गेलं तर दोघांमध्ये काय उरेल?

मी काय करू ते कळव. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा भाचा

---

१६ जुलै

चि. फूटपट्टी यास,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही चूक नाही हे बघून मला दरवेळी धडकी भरते. नववीत शाळा सोडलेल्या पोराने एवढं शुद्ध लिहू नये रे, माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणीला काही काम ठेव.

तुझ्या बापाचं आणि काकाचं म्हणशील तर दोघं लहानपणापासून असेच. एकाच बशीतलं खायचे आणि शेवटचा घास कुणी घ्यायचा यावरून रुसून दोघंही उपाशी उठायचे. तो घास मी खाल्ला की मग माझ्यावर एकत्र चिडायचे. त्यांचं पटायचं ते तेवढ्यापुरतं.

मेजाजवळ जात नाहीत हे मात्र ऐकून बरं वाटलं. खोटं तोंड करून पुढे जाणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण अर्धा नियम पाळून बसून राहण्यात काय अर्थ? प्रभूने दोनदा सांगितलं आहे. एकदा म्हणतो, अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी तू जा. दुसऱ्यांदा म्हणतो, भावाने तुझा अपराध केला असेल, तर तू जा आणि एकांतात त्याच्याशी बोल. नीट बघ. चूक तुझी असो नाहीतर त्याची, जायचं तूच. दुसऱ्याने यावं असं कुठेही लिहिलेलं नाही. मी पुष्कळ शोधलं, माझ्याही कामाचं होतं.

दुकान उघडताना सकाळी तूच शास्त्र वाचतोस ना? मग हे दोन उतारे एका पाठोपाठ वाच. वर शहाणपणाचं एक अक्षर बोलू नकोस. वाच, मिट, आणि शटर वर कर.

मीच आले असते. पण जिन्यापर्यंत जाते आणि गुडघे म्हणतात, बाई, इथवरच. बहिणीला उठता येईना आणि भावांना उठायचं नाही, असं आमचं घराणं.

तेल पाठव. मेण नको लावूस. मागच्या खेपेला सुरीऐवजी दात लावले.

तुझी आत्या

---

४ ऑगस्ट

ती. आत्यास,

सप्रेम सलाम वि. वि.

घडलं ते कसं लिहावं कळत नाही. दोनदा कागद टाकून दिला.

तू सांगितल्याप्रमाणे मी दोन्ही उतारे वाचले. दोघांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. नंतर बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले की बरं केलंस, काकाला ऐकायची गरज होती. दुपारी काकांनी चहा पिताना अगदी तसंच बाबांविषयी म्हटलं. मला वाटलं, संपलं, काही उपयोग नाही.

पण काल प्रभुभोजनाला बाबा उठले आणि पुढे गेले. मी बघतच राहिलो. मागे वळलो तर काकाही उठले होते. आईने माझा हात इतका दाबला की तिची अंगठी रुतली. मला वाटलं, झाला समेट, मलाच कुणी सांगितलं नाही. पण बाहेर पडताना दोघं दोन दारांनी गेले.

मग कळलं ते असं. काल घरी आल्यावर बुटाच्या नाड्या सोडताना बाबांनी सांगितलं की शनिवारी संध्याकाळी ते काकांकडे गेले होते. दाराला कुलूप. आपल्याला येताना बघूनच तो बाहेर पडला असेल, असं बाबा म्हणाले. आपण गेलो, आपलं काम झालं, आता त्याचं तो बघेल. आणि त्याआधी, उपासना संपल्याबरोबर, काकांनी मला चर्चमागे नेलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले होते. दाराला कुलूप. बाकीचं तेच, शब्दसुद्धा तेच.

आत्या, आई आणि काकू शनिवारी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला होत्या, मी एका गिऱ्हाइकाच्या खिडकीत काचेच्या कडेने लांबीचा लगदा भरत होतो. म्हणून दोन्ही घरं बंद. बाबा बाजाराच्या रस्त्याने गेले आणि काका पुलावरून आले.

याहून वाईट पुढेच आहे. बाबा काय बोलायला गेले होते तेही त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी पायरी म्हटलं की नाही हे त्यांना आठवतच नाही. दर पायरीला म्हणतो म्हणजे तेव्हाही म्हटलंच असेल, असं ते धरून चालले होते. आणि काका सांगायला आले होते की पायरी त्यांना दिसली होती, तिथे ते पूर्वी दोनदा चढले होते. सांगितली असती काय, नसती काय, चुकला त्यांचाच पाय. म्हणजे जो शब्द एकाला हवा आहे तो दुसऱ्याच्या खिशात आहे, आणि दोन्ही खिसे माझ्याजवळ.

मी लगेच म्हटलं की मी सांगतो. तर बाबांनी मला शपथेसारखा शब्द द्यायला लावला की काकाला कळू द्यायचं नाही. मी गेलो होतो असं सांगत फिरणं म्हणजे मोठेपणा मिरवणं. काकांनीही हाच शब्द घेतला, हेच कारण देऊन. दोघंही नम्रतेचं नाव घेतात आणि मला त्यात अडकवतात.

आता दोघांचं मन निवांत आहे. भांडण आहे तिथेच आहे, फक्त बोचायचं बंद झालं. हे मला जास्त भयंकर वाटतं. शब्द मोडू की गप्प राहू? गप्प राहणं खोटं बोलण्यात येतं का? मला रात्रभर झोप नाही.

बाबा एक गोष्ट दोनदा म्हणाले. काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा आहे. काच वादळात तडकली, काकांना एका हाताने नवी बसवता येईना, आणि आम्हाला सांगायचं नव्हतं.

सांभाळून राहा, आणि माझ्यावरचा लोभ आहे तसा राहो.

तुझा भाचा

---

१२ ऑगस्ट

चि. फूटपट्टी यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग शेजारणीला वाचून दाखवायला गेले आणि अर्ध्यावरच पत्र मिटून परत आले. काचवाल्याच्या घराला पुठ्ठा! आमच्या आईने बघितलं असतं तर दोघांना कान धरून एका खिडकीत उभं केलं असतं.

मला नेमकं उत्तर येत नाही, बाळ. मी आयुष्यभर मुलांना उत्तरं दिली, त्यांतली निम्मी मला पुस्तकाच्या मागच्या पानावरून कळायची. याला मागचं पान नाही. दिलेला शब्द मोडू नये हेही खरं, आणि तुझ्या गप्प बसण्याने दोघं फसताहेत हेही खरं. एवढंच कर. ज्याने शब्द घेतला त्याच्याकडेच जा आणि सांग, बाबा, मला या शब्दातून सोडवा, मला तो पेलवत नाही. काकालाही तसंच. एकेकट्याला गाठ, हात रिकामे असताना, पोट भरलेलं असताना. घाई करू नकोस. तुझी घाई मला माहीत आहे, तू घाईतसुद्धा मोजून मापून करतोस.

दोघांना मी वेगळी पत्रं घातली आहेत. त्यात फक्त माझे गुडघे आहेत. घाबरू नकोस.

तुझी आत्या

---

८ सप्टेंबर

ती. आत्यास,

सप्रेम सलाम वि. वि.

तुझं मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकायचं होतं. दोनदा बाबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही वेळा त्यांनीच विचारलं की लांबी संपली का. मी हो म्हटलं. डबा भरलेला होता.

मागच्या आठवड्यात दातांच्या दवाखान्याची दर्शनी काच बसवायची होती. दारासमोर पायऱ्या. बाबा पुढे, काका मागे, काच दोघांच्या मध्ये उभी, आणि मी बाजूला. पहिली पायरी आली. मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. मी ठरवून गप्प राहिलो असं समजू नकोस. बाबा थांबले. काकाही थांबले. दोघं पायरीजवळ काच धरून उभे, आणि दोघांपैकी कुणीही तो शब्द म्हणेना. काकांची ती दोन बोटं थरथरायला लागली. बाबांना काचेतून ती दिसत होती. तरी नाही.

मग मी बोलायला लागलो. सगळं बोललो. शनिवारचं, दोन कुलपांचं, बाबांना आठवत नाही ते, काकांना पायरी दिसली होती ते. मोठ्याने, रस्त्यावर. दवाखान्यातली बाई गालाला रुमाल लावून दारात आली आणि ऐकत राहिली. त्या दोघांना काच खाली ठेवता येईना, सोडताही येईना, मला गप्प बसवायला हात उचलता येईना. बाबांच्या श्वासाने काचेवर धुकं धरलं, तेवढंच मला दिसत होतं. पलीकडून काका त्या धुक्याकडे बघत होते.

माझं संपलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. शेवटी मीच नाक पुसून पायरी म्हटलं. ते चढले. काच इतकी चोख बसली की डॉक्टरांनी शाबासकी दिली. हात धुऊन काका चालत घरी गेले आणि बाबा टेम्पोत माझ्या शेजारी बसून आले. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले की माझ्याजवळ ठेवायला दिलेलं मी रस्त्यात सांडलं.

पूर्वी ते एकमेकांशी बोलत नव्हते, माझ्याशी बोलायचे. आता माझ्याशीही नाहीत. दुकानात काच कापायची हिरकणी फिरते तीच काय ती ऐकू येते. सकाळचं वाचनही माझ्याकडून काढून घेतलं. बाबा मनातल्या मनात वाचतात, काका उभे राहून वाट बघतात, मग दोघं आमेन म्हणतात.

काल प्रभुभोजनाला बाबा बसून राहिले. काका बसून राहिले. मी उठणार होतो, आणि लक्षात आलं की या दोघांच्याही मनात आता माझ्याविषयी काही आहे. मीही बसलो. आई एकटी पुढे गेली.

आत्या, मी खोटं काहीच बोललो नव्हतो. तरी असं का? काकांनी कारखान्यासाठी कागदपत्रं जमवायला घेतली आहेत.

दुकानात कोपऱ्यात एक लहान काच कापून ठेवलेली दिसली. तिची मागणी कुणाचीच नाही. मी मापून बघितली, आपल्या कुठल्याच कामात ते माप नाही. विचारायची सोय नाही.

माझ्यावर रागावू नकोस. आता लोभ करणारं कुणी उरलं असेल तर तूच.

तुझा भाचा

---

१५ सप्टेंबर

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

आज फूटपट्टी म्हणत नाही.

खरं बोललास. पण कधी बोललास? त्यांचे हात अडकलेले असताना. त्यांना काच खाली ठेवता आली असती तर तू बोलला असतास का? नसतास. मीही नसते. म्हणून तर म्हणते. समोरच्याला उठून जाता येत नाही अशा वेळी सांगितलेलं खरंसुद्धा मारच असतो. मी वर्गात हे किती वेळा केलं याचा हिशोब वरच्याकडे आहे.

त्यांचं काय करायचं हे आता सोड. तुझ्याने होणार नाही, माझ्याने झालं नाही. तुझ्या बोटात काच आणि तू चिमटा घेऊन दुसऱ्याची बोटं बघत फिरतोयस. तुझी काढ. बापाकडे जा, काकाकडे जा. शब्द मोडला, चुकलं, एवढंच म्हण. त्यापुढे पण हा शब्द लावू नकोस. तुम्ही ऐकेनात म्हणून, असंही नको. ते क्षमा करतीलच असं धरून जाऊ नकोस. नुसता जा.

मी इथे खाटेवर बसून एवढंच करू शकते याची मला लाज वाटते.

तुझी आत्या

---

२१ सप्टेंबर, रविवार दुपार

ती. आत्यास,

सप्रेम सलाम वि. वि.

हे मी काकांच्या घराच्या पायरीवर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे. माफ कर. पेन्सिल दुकानातली आहे.

जेवणानंतर बाबांकडे गेलो. ते परसात हात धूत होते. मी म्हटलं की शब्द मोडला, चुकलं. पण हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तो गिळला. बाबा बराच वेळ साबण लावत राहिले. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले की काकाच्या खिडकीचा पुठ्ठा आता फुगला असेल. मग टॉवेल मागितला. मी दिला.

तिथून निघालो तो इथे. दाराला कुलूप आहे. काकू लेकीकडे गेल्या असतील. काका कुठे आहेत ते शेजारच्यांना माहीत नाही. मी परत जायला वळलो होतो. गल्लीच्या तोंडाशी गेलो तेव्हा लक्षात आलं की त्या शनिवारी या दोघांनी हेच केलं. दोघंही आले, आणि दोघंही थांबले नाहीत. म्हणून मी परत येऊन बसलो आहे.

खिडकीचा पुठ्ठा खरंच फुगला आहे. कडेने बघितलं. चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या मापाच्या दोन बारीक खुणा आहेत, बाबा करतात तशा, टोकाला आकडी असलेल्या. म्हणजे त्या शनिवारी कुलूप बघितल्यावरही ते लगेच गेले नव्हते. हे त्यांनी मला सांगितलं नाही. आणि मी हे कुणाला सांगणार नाही. तुला लिहिलं, तेवढं चालेल ना?

काका काय म्हणतील माहीत नाही. कारखान्याला होय कळवलं असेल तर तेही माझ्यापर्यंत आलेलं नाही. माझ्या हातात काहीच नाही, नुसतं बसणं आहे. तू खाटेवर, मी पायरीवर.

तेल संपलं की कळव. तुझी माया अशीच मिळत राहो.

तुझा फूटपट्टी

ता. क. पत्राची घडी घालत होतो तेवढ्यात गल्लीच्या वळणावर दोघं दिसले. बाबा पुढे आहेत आणि काका मागे. मध्ये ती कोपऱ्यातली लहान काच आहे. एवढी काच एक माणूस बगलेत धरून नेतो. दोघांनी चारही हातांनी धरली आहे आणि फार हळू येत आहेत. कोण कुणाकडे गेलं, बोलणं झालं की नाही, इथून काही कळत नाही. तोंडं हलताना दिसत नाहीत.

मी उठून बाजूला उभा आहे. या घराला पायऱ्या आहेत आणि पायरी कुणीतरी सांगायला हवी. मला सवय झाली आहे, शब्द ओठापर्यंत येतो. मी तोंड घट्ट मिटून धरलं आहे.